गुरुवारी गिरणी बंद असते

रहिमतपुरात, स्टेशनकडं जाताना डाव्या हाताला आमची गिरणी
आणि गिरणीत मापाडी.
नाव मी नाही ठेवलं.
दिवसभर काट्याच्या पारड्यात बसतो
म्हणून गिऱ्हाइकांनीच ठेवलं.
मूळचा काळा, पिठानं राखी झालेला,
वय नऊ, कान दीड.
पावसात भिजला की अंगावर कणीक होते, ती रात्रभर चाटतो.
वजन करायचं तर आधी त्याला उठवा;
उठतो, पण उपकार केल्यासारखा.

मंगळवारी संध्याकाळी दळणाच्या रांगेत एक डबा जास्त निघाला.
घोरपडेकाकींचा शाळू,
तांबोळ्यांचे गहू,
बिराजदार मास्तरांची मधुमेहाची मिसळ,
आणि एक पितळी डबा.
कोरलेलं नाव कुणीतरी खिळ्यानं खरवडलेलं,
उरलं होतं एवढंच: "हिस मामांकडून सप्रेम भेट".
जाड दळायचं की बारीक, बघायला मी झाकण काढलं.
आत जुन्या परकराचा तुकडा
आणि तीन पिल्लं, डोळे नुकते किलकिले.

झाकणाला भोकं पाडली होती.
सात. मोजली मी.
टाकून जायचं ठरलेलं असताना
सात वेळा खिळा ठोकत बसलेलं ते माणूस
मला अजून कळलेलं नाही.

मापाडी उतरला, डब्यात डोकावला
आणि माझ्याकडं असं बघितलं
जसं मी दुसऱ्याच्या पिठात हात घातलाय.

मग त्याचा रुसवा.
दूध समोर ठेवलं तर तोंड फिरवायचा,
(रात्रीत वाटी मात्र रिकामी)
पट्ट्याच्या वरच्या फळीवर चढून
भिंतीकडं तोंड करून बसायचा.
मी ड्रॉपरनं पिल्लांना दूध पाजताना
पाठ माझ्याकडं, आणि कान,
होते तेवढे सगळे, तेही माझ्याकडंच.
उंदीर मारायचं काम चालू होतं.
पण एरवी माझ्या पायाशी आणून ठेवायचा
ते दोन्ही उंदीर त्यानं माझ्या पोराच्या
नव्या गाडीच्या सीटवर ठेवले.
मास्तर म्हणाले, "बोका पिल्लं मारतो. घरी न्या बरं तो डबा."
रात्री नेतच होते. पोटाशी घेऊन झोपत होते.
दिवसा मोटारीच्या घरघरीत तीही निवांत झोपायची,
गिरणीचीच झाली होती.

पुढच्या गुरुवारी लाइट गेली, दर गुरुवारी जाते.
दगडाला टाकी लावायचा तो दिवस.
छिन्नी माझ्या हातात, हात पिठात,
आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा
तिन्ही एकदम जागी.
घरघर कुठं गेली म्हणून रडत होती की काय,
डब्याच्या कडेला नखं लावून
अशी ओरडत होती
की समोरच्या सायकलवाल्यानं पंप खाली ठेवला.

मी छिन्नी ठेवणार, तेवढ्यात
फळीवरून धप् आवाज आला.
माझा जीव खाली गेला. मास्तर आठवले.

तो डब्यात मावत नव्हता.
मागचा अर्धा बाहेर ठेवून आत शिरला,
एकाच्या डोक्यावर बसला बहुतेक, एक किंकाळी आली,
आणि मग सुरू झाला घुर्र घुर्र घुर्र,
पितळेत घुमून मोठा झालेला,
थेट दहा हॉर्सपॉवरचा.
पिल्लं गप्प झाली.
मी हातोडी धरून तशीच उभी.
दारातून घोरपडेकाकी ओरडल्या,
"आली का गं लाइट?"

चार वाजता खरी आली.
मोटार सुरू झाली तसा मापाडी निघाला,
जाता जाता ठिपकेवालीला एक चापट दिली, विनाकारण,
आणि पारड्यात जाऊन बसला.
तिथं अजून कुणाला येऊ देत नाही.
मागल्या रविवारी तिघांना मिळून दुसऱ्या पारड्यात ठेवलं,
काटा तसूभर हलला नाही,
त्यानं एक डोळा उघडून खात्री करून घेतली.

डबा मी घासून परत रांगेत ठेवलाय,
भिंतीला लागून, शेवटून पहिला.
कुणी न्यायला आलं
तर सांगणार आहे,
बाई, बसा थोडं,
नंबर नाही आला अजून तुमचा.